मागीलदारचा गरम वारा

परवा आमचा ए.सी. रुसला. आतला पंखा नीट फिरत होता, पण बाल्कनीतला बाहेरचा डबा मधेच गप्प व्हायचा आणि खोलीत नुसतं वारं सुटायचं. मे महिन्याची दुपार, आभाळात मळभ आणि रत्नागिरीची ती चिकट हवा. आंघोळ करून न्हाणीतून बाहेर पडेपर्यंत माणूस पुन्हा घामाघूम. मी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "काकू, तासाभरात पोचतो." झालं, मी पदर खोचला आणि बाल्कनी आवरायला घेतली. केरसुणी हलवली, कुंड्या सरकवल्या, दोरीवरचे कपडे ओढायला लागले. तेवढ्यात आरामखुर्चीतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "काहीएक आवरायचं नाही. आहे तसं राहू दे. मेकॅनिकला खरं घर दिसलं पाहिजे."

कुणी परक्याने ऐकलं असतं, तर म्हातारा तऱ्हेवाईक आहे म्हणाला असता. मला मात्र असं हसू फुटलं की हातातली केरसुणी खाली पडली. हे पण हसायला लागले. आम्हा दोघांनाही एकदमच तो उन्हाळा आठवला होता.

मी कऱ्हाडची. लग्न होऊन इथे आले, त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ती. आमचं घर राजिवड्याकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या अगदी डोक्यावर होतं. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेला इथे पाखाडी म्हणतात, हे मी इथे आल्यावर शिकले. पुढच्या खोलीत ह्यांचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान, मागे आम्ही तिघं: हे, मी आणि सासूबाई. दुकानात सदानकदा कुणाचा तरी फ्रिज पोट उघडून पडलेला असायचा. घरात फ्रिज असणं हीच तेव्हा मोठी ऐट होती. ए.सी. म्हणजे एखाद्या बड्या साहेबाच्या केबिनीत खिडकीत घुरघुरणारी वस्तू, आपल्या घराशी तिचा काही संबंध असू शकतो असं कुणाच्या मनातही येत नसे.

पाखाडीच्या पायथ्याशी खैरूनचाचीचं कौलारू घर. तिला अख्खा परिसर चाची म्हणायचा, तिच्याच वयाच्या माझ्या सासूबाईसुद्धा. नवरा जहाजावर होता, तो कधीच वारलेला. एकुलता एक मुलगा यूसुफ कुवेतला, बायको-मुलींसह तिकडेच. दोन वर्षांनी एकदा महिन्याभराची रजा मिळे, आणि तीही नेमकी मे महिन्यात.

आणि तिथेच सगळं अडलं होतं. चाचीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पाच-सहा वर्षं तो हळूहळू उतरत आला आणि आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. ऑपरेशन थंडीत करायचं, असा तेव्हा सगळ्यांचाच समज. उन्हाळ्यात घाम डोळ्यात गेला की डोळा चिघळतो, म्हणून डॉक्टरही मे महिन्याचं नाव काढत नसत. थंडीत यूसुफ नसायचा, आणि चाचीचं एकच पालुपद, "यूसुफ नाय तर मना ऑपरेशन नको. डोळं उघडून बघायचं कोणाला?" अशा दोन-तीन थंड्या गेल्या.

शेवटी यूसुफभाईंनी डॉक्टरांनाच गाठलं. डॉक्टर म्हणाले, "खोली थंड ठेवता येत असेल, तर मेमध्येही करू. घाम नको, खोकला नको, मान हलवायची नाही. पण खोली दिवसरात्र थंड राहिली पाहिजे." पुढच्या खेपेला यूसुफभाई आले ते जपानी बनावटीचा ए.सी. घेऊनच. आत लावायचा एक भाग आणि बाहेर ठेवायचा एक, असा दोन तुकड्यांचा. मुंबईहून तो मासे टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून रत्नागिरीला आला. पेटी फोडली तेव्हा खोका कुवेतचा आणि वास बांगड्याचा, अशी त्याची पहिली ओळख झाली.

ह्यांनी तो मोठ्या हौसेने बसवला. असा दोन तुकड्यांचा ए.सी. ह्यांनी तोवर पाहिलाही नव्हता, पण तसं कबूल करतील तर ते हे कसले! चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना सगळे लाल धुळीने माखले. आतला भाग चाचीच्या खाटेसमोर, आणि बाहेरचा डबा मागीलदारी, गडग्यासमोरच्या पडवीत. गडगा म्हणजे चिरे रचून घातलेली बुटकी भिंत. खटका दाबला, डबा गुरगुरला, आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीत कुणीतरी नदीवरून चालत आल्यासारखी थंडी आली.

मग काय, बघायला रांग लागली. पाखाडीवरची बायामाणसं चपला दारात काढून आत येत, जरा बसत, "हो गो, लागतं की थंड" म्हणत आणि पुढच्यांना जागा करून देत. सासूबाई शाल घेऊन गेल्या आणि नाकाला पदर लावून परत आल्या. "मी सांगत्ये तुला, ही थंडी काही आपल्यातली नव्हे. हिच्यात चव नाही," असा त्यांनी निकाल दिला. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेल्या.

ऑपरेशनचा दिवस ठरला, आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या डब्याचं दुखणं सुरू झालं. सकाळी तो गुणी गाईसारखा चालायचा. दुपारी जेवणं झाली, यूसुफभाई आडवे झाले की थोड्या वेळाने मागीलदारी 'टक्' असा आवाज व्हायचा आणि डबा थंड. म्हणजे खरं तर तापून गरम, पण बंद. यूसुफभाई चपला अडकवून पाखाडी चढत आमच्याकडे धावायचे. हे हत्यारांची पेटी घेऊन खाली जायचे, खटका दाबायचे, आणि डबा काही झालंच नाही अशा थाटात सुरू! हे समोर उकिडवे बसून तासभर त्याच्याकडे बघत राहायचे. तो बंद पडायचं नाव घेत नसे. हे वर येऊन हात धुतात न धुतात तोच दुसऱ्या दिवशीची दुपार आलेली असायची.

ह्यांनी काय काय म्हणून केलं नाही! आधी व्होल्टेजवर संशय. दुपारी दिवा मिणमिणायचा हे खरंच होतं, म्हणून मोठा स्टॅबिलायझर आणला. मग गॅस गळतोय का ते बघायला प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. मग समुद्राच्या खाऱ्या हवेवर आळ. मग पंख्याच्या मोटरवर. एकदा आतल्या वायरींत पाल सापडली, तेव्हा ह्यांना इतका आनंद झाला की पाल नव्हे, लक्ष्मीच सापडली असं वाटावं. पाल काढली. दुसऱ्या दुपारी पुन्हा 'टक्'.

हे जेवेनासे झाले. ताटावर बसून पोळीच्या तुकड्याने आमटीत तारांचे नकाशे काढायचे. फ्रिज बिघडला तर लोणी वितळतं, फार तर दूध नासतं. इथे एका बाईचे डोळे लटकले होते. डॉक्टरांनी निरोप धाडला होता, ए.सी.चा भरवसा नसेल तर धोका नको, थंडीवर ढकलू. आणि थंडीवर ढकलणं म्हणजे कायमचं ढकलणं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

चाची मात्र निवांत. "नाय चालला तर नाय चालला. त्या डब्याला कशाला शिव्या देतास शरदा? जीव हाय त्याला पन," ह्यांना म्हणायची.

एकदा संध्याकाळी यूसुफभाई आमच्या ओट्यावर बसले होते. चहा पुढे तसाच निवत होता. म्हणाले, "शरद, माझ्या मुलींचे फोटो आणलेत. तिच्या हातात दिले, तर ती बोटं फिरवत बसली. फोटोवरून बोटं फिरवून काय कळणार माणसाला? तरी म्हणते, छान आहेत पोरी." एवढं बोलून ते उठून गेले. हे त्या रात्री पंख्याखाली उघडे डोळे ठेवून पडले होते, आणि मीही. आपल्या माणसाच्या हातात विद्या असूनही ती अपुरी पडताना बघणं फार वाईट असतं. मला त्यांचा राग येत नव्हता, दया येत होती, आणि ती मी त्यांना दिसू देत नव्हते.

इकडे सासूबाईंचं दुःख वेगळंच होतं. त्यांची साटं वाळत नव्हती. आम्ही घाटावर जिला आंबापोळी म्हणतो, तिला इथे साट म्हणतात. ताटाला तुपाचा हात लावायचा, रायवळ आंब्याचा रस पसरायचा, ऊन द्यायचं, सुकला की वर दुसरा थर. त्या वर्षी मे अर्धा सरताच मळभ आलं ते हटेना. आमच्या अंगणातली ताटं नुसतीच चिकचिकत पडली होती. सासूबाई दर घटकेला बोट लावून बघत आणि आभाळाकडे बघून बोटं मोडत.

आणि अशात एका सकाळी यूसुफभाई चाचीने पाठवलेली भेट घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं साट. गडद केशरी, चकचकीत, घडी घातली तर चीरही पडू नये असं वाळलेलं.

सासूबाईंनी ते उजेडात धरलं, हुंगलं, कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. मग खाली बसल्या. "चुलीवर नाही वाळवलेलं. धुराचा वास नाही. मग वाळलं कसं गो? सूर्य काय फक्त पाखाडीच्या खाली उगवतो?"

मी म्हटलं, "विचारू या की चाचींना."

"विचारून सांगायला ती काय खुळी आहे? चल, मागून जाऊ."

दुपारी, जेवणं आटोपल्यावर, साठी ओलांडलेल्या माझ्या सासूबाई आणि त्यांची नवी सून अशा आम्ही दोघी पाखाडी सोडून काजूच्या झाडांमधून खाली उतरलो. "चपला काढ," त्या कुजबुजल्या, "तिचे कान मांजराचे आहेत." अनवाणी, पाचोळ्यावर पाय जपून ठेवत, आम्ही चाचीच्या मागीलदारच्या गडग्यापाशी पोचलो आणि चिऱ्यांवरून डोकी वर काढली.

समोर डबा चालू होता. म्हणजे असावा, कारण तो दिसतच नव्हता. त्याच्या पुढ्यात खाट आडवी उभी केलेली, खाटेच्या सुंभावर टेकवून साटांची ताटं लावलेली, आणि कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वरून खालपर्यंत, डब्यासकट, जुनी मच्छरदाणी आणि तिच्यावर एक जाड चादर पांघरलेली. त्या पांघरुणाच्या आत हात घालून चाची बसली होती. डब्यातून सुटणाऱ्या गरम वाऱ्यात साटं चाचपून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की काय सांगू.

"अगो बाई," सासूबाई पुटपुटल्या, "काय डोकं आहे बाईचं!"

तेवढ्यात पांघरुणाखालचा आवाज बदलला. डबा घुसमटल्यासारखा घरघरला, थरथरला, आणि टक्. घरातून यूसुफभाईंची हाक आली, "अम्मा, परत गेला!" पुढच्या दाराने त्यांच्या चपला पाखाडी चढू लागल्या. आणि मग आम्ही जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. जिला जेमतेम उजेड कळायचा ती चाची ताडकन उठली. चादर ओढली, मच्छरदाणीची घडी घातली, ताटं एकावर एक रचून माजघरात नेली, खाट आडवी केली, पडवी झाडली, आणि शेवटी ओल्या फडक्याने तो डबा पुसला, शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसा. का, तर मेकॅनिक येणार! बाहेरचा पुरुष माणूस घरी येणार आणि पडवीत पसारा? वरून ह्यांच्या चपलांचा आवाज यायच्या आत मागीलदार लख्ख.

हे आले. आज तर त्यांच्या हातात पेटीही नव्हती. चादर नाही, मच्छरदाणी नाही, समोर मोकळा वारा. ते बसले, जरा वेळ थांबून खटका दाबला. डबा सुरू. "चालतोय की," हे म्हणाले, इतक्या पडेल आवाजात की मला गडग्याआड हसू आवरेना. मी तोंडात पदर कोंबला, तोही पुरला नाही. सासूबाईंनी मला चिमटा काढला आणि मग त्याच खो-खो हसायला लागल्या.

हसणं थांबल्यावर आम्ही सांगितलं. सासूबाईंनी गडग्यापलीकडूनच, हातवारे करून. ह्यांचा चेहरा आधी कोरा, मग लाल, मग एकदम मोकळा झाला. त्यांनी चाचीला शेजारी बसवलं आणि तिचा हात डब्यासमोर धरला. "चाची, आतल्या खोलीतली गरमी हा इथून बाहेर फेकतो. तुम्ही समोर खाट लावली, वर पांघरूण घातलं, की ती गरमी त्याच्याच अंगावर येते. मग तो तापतो आणि जीव वाचवायला स्वतःहून बंद पडतो."

"एवढा गरम वारा," चाची म्हणाली, "भट्टीसारखा. फुकट चाललेला. वाया कशाला घालवायचा म्हटलं." मग तिच्या लक्षात आलं. हात मांडीवर पडले. "मंजे पोरानं एवढ्या लांबून आनला, आन् मीच त्याचं नाक दाबून धरलं?"

यूसुफभाई आईजवळ बसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्या दिवशी मला आम्हा बायकांची एक खोड कळली. मोलकरीण येणार म्हणून आपण आधी घर झाडतो, डॉक्टर येणार म्हणून आजारी माणसाचे केस विंचरतो, त्याला नीट बसवतो आणि मग डॉक्टरांना वाटतं, हा तर बरा दिसतोय. येणाऱ्याचा मान म्हणून आपण नेमकं दुखणंच आवरून ठेवतो. कऱ्हाडला माझी आईही असंच करायची आणि आज मीही करते. हे ओरडले नसते, तर परवा बाल्कनीत दुसरं काय होणार होतं? मेकॅनिक आला तेव्हा माझी ओली चादर अजून दोरीवर होती, डब्याच्या अगदी तोंडासमोर. तो म्हणाला, "काकू, ही आधी काढा." आरामखुर्चीतून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

पण चाचीचा गरम वारा वाया गेला नाही. हे मूळचे कोकणातले, त्यांनाही वाया जाणं सोसवत नाही. त्यांनी डब्यापासून चांगलं अंतर सोडून जमिनीवर एक चिरा ठेवला. "ह्याच्या अलीकडे काही नाही. पलीकडे काय वाट्टेल ते वाळवा. पण पांघरूण नाही."

"मग कावळे?" चाचीने विचारलं.

"कावळे मी हाकीन," सासूबाई पुढे झाल्या. घसा साफ केला. "पण आमचीही दोन ताटं राहतील काय गो इथे?"

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. चाची त्या थंड खोलीत उताणी, डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो. बाहेर डबा एका सुरात गुरगुरत असायचा, ह्यांना तो सूर वरच्या दुकानातही ऐकू येतो असं ते म्हणत. मागून आंब्याचा गोड, उबट वास यायचा. सासूबाई पडवीत काठी घेऊन बसत. चाची ओठ न हलवता विचारायची, "साटं उलटलीस काय?" आणि सासूबाई बाहेरूनच ओरडत, "उलटली! तू बोलू नको, पडून राहा!" त्या खोलीत घामाचा एक थेंब कुणाच्या कपाळावर आला नाही.

डॉक्टर शेवटची पट्टी सोडायला घरीच आले. दुसऱ्या दिवशी यूसुफभाईंना निघायचं होतं, बॅग दारात भरून ठेवलेली. डॉक्टरांनी पडदा जरासा सरकवला. म्हणाले, खरा चष्मा महिन्याने मिळेल, आज नुसतं बघू. आणि बॅगेतून एक जाड भिंग काढून त्यांनी चाचीच्या डोळ्यासमोर धरलं.

"बोटं किती?"

"दोन."

"बरोबर. आता समोर बघा. कोण उभं आहे?"

समोर यूसुफभाई उभे होते. चाची बघत राहिली. आम्हाला वाटलं, दिसत नाही की काय. मग तिने हात पुढे केला, त्यांना खाली वाकवलं आणि कानशिलावरच्या केसांवरून बोटं फिरवली. केस पांढरे झाले होते. आम्हाला त्यात नवल नव्हतं, आम्ही ते रोज बघत होतो. पण चाचीच्या डोळ्यांत इतकी वर्षं तो काळ्याभोर केसांचा पोरगाच होता. दर खेपेला तोच आला आणि तोच परत गेला.

"यूसुफ," ती म्हणाली, "कवा झालास रे तू एवढा?"

"झालो अम्मा," ते म्हणाले. "हळूहळू."

"मना कोणी सांगितलं नाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. डॉक्टरांनी हलकेच भिंग मागे घ्यायला हात हलवला, तसं चाचीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा डाक्टर. काढू नका," ती म्हणाली. "उद्या जानार हाय तो. मना बघून घेऊ दे."

डॉक्टर हात न हलवता उभे राहिले.